चांद्रवीरांच्या शाळेत आबा

माझ्या वडिलांना घरात सगळे आबाच म्हणतात. मेहकर तालुक्यातले. घरची थोडी शेती, पण खरा धंदा विहिरी खोदून द्यायचा. चाळीस वर्षं त्यांनी दगड फोडला. बोअर आली आणि धंदा बसला. “बोअरवाल्याले दगड दिसतच नाई, नुसती भुकटी दिसते,” हा त्यांचा राग अजून गेलेला नाही.

आई-आबा आमच्याकडे चँडलरला, म्हणजे फीनिक्सच्या शेजारी, सहा महिन्यांसाठी आले होते. सहाव्या आठवड्यात आबा कंटाळले. मॉल पाहून झाले, मंदिर पाहून झालं, कॉस्टकोतली फुकट चवही घेऊन झाली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की अपोलोचे चांद्रवीर चंद्रावर जायच्या आधी जिथे दगड ओळखायला शिकले, ते फ्लॅगस्टाफ आपल्या घरापासून सव्वादोन तासांवर आहे. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाची, ओमची, दोन दिवसांची शाळा बुडवायची आणि चार दिवस जायचं ठरलं. आईने मात्र साफ सांगितलं, “जन्मभर यांच्या दगडाच्याच गोष्टी ऐकल्या. आता तिकीट काढून ऐकू का?”

पहिला दिवस, गुरुवार

एप्रिलचा शेवट. सकाळी आठलाच चँडलरमध्ये ऊन चटके देत होतं. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि आईने बळजबरीने दिलेले दोन स्वेटर. सतरा नंबरचा हायवे सारखा चढत राहतो. हात वर करून उभे असलेले साग्वारो निवडुंग एका वळणानंतर एकदम संपतात आणि तासाभरात तुम्ही पाइनच्या जंगलात असता. फ्लॅगस्टाफ समुद्रसपाटीपासून एकवीसशे मीटरवर आहे. गाडीतून उतरताच आबांनी मुकाट्याने स्वेटर चढवला.

आधी गेलो अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या केंद्रात. हे आठवड्याच्या कामाच्या दिवशीच जमतं, म्हणून तर गुरुवार धरला होता. इमारतीला यूजीन शूमेकर यांचं नाव आहे. परग्रहांच्या दगडांचा अभ्यास करणारी शाखा त्यांनीच उभी केली आणि १९६३ मध्ये ती फ्लॅगस्टाफला आणली. कारण सरळ होतं. पन्नास-साठ किलोमीटरच्या आत उल्केचं विवर, ज्वालामुखीच्या टेकड्या, लाव्हाची शेतं आणि दुर्बिणी, सगळं हाताशी.

आत ‘ग्रोव्हर’ ठेवलेली आहे. चंद्रावर चालवायच्या गाडीचा सराव करण्यासाठी खात्याच्या माणसांनी १९७० मध्ये फ्लॅगस्टाफलाच बनवलेली गाडी. नळ्यांचा सांगाडा, चार चाकं, दोन खुर्च्या, स्टिअरिंगऐवजी मधे एक दांडा. खर्च दोन हजार डॉलरच्या आत. खऱ्या चांद्रगाडीवर कोट्यवधी डॉलर लागले होते, पण ती चंद्राच्या एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणासाठी बनवलेली. पृथ्वीवर तिच्यात दोन माणसं बसली असती तर ती मोडलीच असती. म्हणजे सरावाला खरी गाडी चालणार नाही, खोटीच लागणार. आबा वाकून वेल्डिंगचे जोड पाहत राहिले. मग म्हणाले, “हे त आपल्याकडचंच काम हाय.” याहून मोठी पावती त्यांच्याकडे नाही.

ओमला मी इथेच डेव्हिड स्कॉटची गोष्ट सांगितली. जुलै १९७१, अपोलो १५. स्कॉट आणि जिम अर्विन गाडीतून यानाकडे परत निघालेले, वेळ संपत आलेली, हूस्टनचं नियंत्रण केंद्र घाई करतंय. वाटेत स्कॉटला एक काळा, भोकाभोकांचा दगड एकटाच पडलेला दिसला. थांबायची परवानगी मागितली असती तर मिळाली नसती. त्याने सांगितलं की सीटबेल्ट नीट करायचाय, उतरला, दगड उचलला आणि परत येऊन बसला. जवळपास किलोभराचा तो बेसाल्ट आजही ‘सीटबेल्ट बेसाल्ट’ म्हणूनच ओळखला जातो.

“भोकाभोकाचा काळा दगड? मांजऱ्या असंन,” आबा म्हणाले.

ज्यांना आपल्याकडचा दगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विहीर खोदताना वरची काळी माती गेली की मुरूम लागतो, मग मांजऱ्या, मग पाषाण. मधे कुठे तरी गेरूचा तांबडा पट्टा येतो. मांजऱ्या म्हणजे लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकून राहिलेला दगड. कधी त्या भोकांत पांढरी गारगोटी भरलेली असते. स्कॉटच्या दगडातली भोकं रिकामी आहेत इतकंच.

शूमेकर यांना स्वतःला चंद्रावर जायचं होतं. ॲडिसन्स नावाच्या आजाराने ते दार १९६३ मध्येच बंद झालं. मग त्यांनी आयुष्य घालवलं ते दुसऱ्यांना तिथे काय पाहायचं हे शिकवण्यात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात विवरं शोधत फिरताना गाडीच्या अपघातात ते गेले. त्यांच्या अस्थींचा थोडा भाग ‘लूनार प्रॉस्पेक्टर’ यानाबरोबर पाठवला होता, ते यान ३१ जुलै १९९९ रोजी चंद्रावर आदळवलं. आबांनी हे ऐकून काहीच म्हटलं नाही. बाहेर पडताना मात्र भिंतीवरच्या फोटोला हात जोडले.

रात्री लॉवेल वेधशाळा. प्लूटो इथेच सापडला, १९३० मध्ये. जानेवारी १९६३ मध्ये नऊ नवे अंतराळवीर दोन दिवसांसाठी फ्लॅगस्टाफला आले होते. नील आर्मस्ट्राँग त्यांतलाच. दिवसा विवर आणि लाव्हा, रात्री दुर्बिणीतून चंद्र. चंद्राचे नकाशे काढणारे लोकही इथल्या १८९६ च्या क्लार्क दुर्बिणीला डोळा लावून रात्र-रात्र बसत. आम्ही गेलो तेव्हा अष्टमीच्या आसपासचा चंद्र होता. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट दिसतो. अर्ध्या चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर मात्र विवरांच्या काठांच्या लांब सावल्या पडतात आणि खोली कळते. आबा डोळा काढायला तयार नव्हते. मागे रांग लागली होती. शेवटी ओमने त्यांचा स्वेटर ओढला.

दुसरा दिवस, शुक्रवार

रात्री मोटेलचा हीटर बंद पडला होता. त्यावर लिहिण्यात अर्थ नाही. तिघेही अंगावर जॅकेट घालून झोपलो आणि उजाडताच निघालो.

फ्लॅगस्टाफहून पूर्वेला तासाभराच्या आत मीटिअर क्रेटर येतं. रस्ता सपाट माळातून जातो आणि लांबून फक्त एक बुटका उंचवटा दिसतो, डोंगरही नाही नि टेकडीही नाही. तिकीट काढून जिना चढून काठावर गेलं की पायाखालून जमीन काढून घेतल्यासारखं होतं. बाराशे मीटर रुंद, एकशे सत्तर मीटर खोल. साधारण पन्नास हजार वर्षांपूर्वी पन्नासेक मीटरचा लोखंडी गोळा येऊन आदळला, त्याचं हे काम. वारा इतका की ओमची टोपी मी हातातच धरून ठेवली.

आबांचं पहिलं वाक्य: “आपलं लोनार मोठं हाय.”

खरं आहे. लोणारचा व्यास अठराशे मीटरच्या आसपास. त्यात पाणी आहे, दाट झाडी आहे, काठाशी कमळजा देवी आहे, आणि नवरात्रात जत्रेला खाली उतरता येतं. इथे पर्यटकाला खाली उतरायला बंदी. दुर्बिणीतून पाहिलं तर तळाशी माणसाच्या उंचीचा अंतराळवीराचा पुतळा आणि झेंडा दिसतो. साध्या डोळ्यांना तो दिसतही नाही, तेव्हा कुठे खड्डा केवढा आहे ते कळतं.

तळाच्या मधोमध जुन्या खाणीच्या खुणा आहेत. फिलाडेल्फियाचे खाण-इंजिनिअर डॅनिएल बॅरिंजर यांना १९०३ च्या सुमारास खात्री पटली की हा उल्केचा खड्डा आहे आणि खाली लाखो टन लोखंड गाडलेलं आहे. पहिली गोष्ट बरोबर, दुसरी चूक. सत्तावीस वर्षं ते खणत राहिले. आधी मधोमध, मग दक्षिणेच्या काठाखाली. तिथे चारशे मीटरच्या पुढे गेल्यावर यंत्र अडकून बसलं. १९२९ मध्ये एका गणितज्ञाने हिशेब मांडून दाखवला की एवढ्या वेगाने आदळलेला गोळा बहुतेक सगळा वाफ होऊन उडाला असणार. त्याच वर्षी बॅरिंजर वारले.

“पानी न लागलेली विहीर,” आबा म्हणाले. अशा दोन विहिरी त्यांच्याही खात्यात आहेत. त्यांचा विषय आमच्या घरात निघत नाही.

मग गाइडबरोबर काठावरून चाललो. ती मुलगी उत्साहाने सांगत होती की इथे थर उलटे आहेत, हे फार विलक्षण आहे. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर आबा आधीच थांबून काठीने दाखवत होते. खड्ड्याच्या आतल्या भिंतीत खाली पांढुरका वाळूचा दगड, त्यावर पिवळसर चुनखडीचा, त्यावर लाल. काठाच्या माथ्यावर मात्र लालच्या वर पुन्हा पिवळा.

“इहिरीचा ढीग हाय हा,” ते म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी ओमला समजावलं. विहीर खोदताना आधी माती निघते, ती काठावर टाकतात. मग मुरूम निघतो, तो मातीवर पडतो. मग मांजऱ्या, मग पाषाण. विहीर पुरी झाली की ढिगात पाषाण सगळ्यात वर असतो आणि माती सगळ्यात खाली. जमिनीत जे खाली, ते ढिगात वर. “मानूस विहीर खंदो का वरून गोटा पडो, ढीग उलटाच लागते.”

मी गाइडला हे इंग्रजीत सांगितलं. ती दोन क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, उद्यापासून मी हेच सांगणार.

मला स्वतःला ही सगळी शाळा इथे उमगली. शूमेकर यांनी नेवाडातल्या अणुचाचण्यांचे खड्डे आधी पाहिले होते आणि तिथेही थर असेच उलटलेले होते, त्यावरून त्यांनी या विवराचा उलगडा केला. चंद्रावर जाणाऱ्या वैमानिकांना इथे आणून शिकवायचं ते हेच होतं. चंद्रावर तुमच्याकडे ना पहार, ना सुरुंग, ना वेळ. पण तिथे निसर्गाने खोदून ठेवलेल्या विहिरी जागोजागी आहेत. खोलातला दगड पाहिजे असेल तर काठावर जा, तो तिथे वरच पडलेला असेल. अपोलो १४ ला कोन क्रेटरकडे पाठवलं होतं ते यासाठीच. फेब्रुवारी १९७१ मध्ये ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल हातगाडी ओढत चढ चढले, चढ-उतारांत काठ कुठे आहे तेच कळेना, दम लागला, वेळ संपला, आणि ते मागे फिरले. नंतर फोटो जुळवून पाहिलं तेव्हा कळलं की काठ वीस-तीस मीटरवर होता. ओमला हे ऐकून फार वाईट वाटलं. दगड मात्र त्यांना काठाजवळचे मिळालेच.

आबांची एक शंका मला निरुत्तर करून गेली. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसाल्ट, म्हणजे आपलाच काळा दगड. मग शिकवायला या पांढऱ्या-पिवळ्या दगडाच्या खड्ड्यात कशाला आणलं? लोणारला का नाही नेलं? शंका रास्त आहे. लोणार हे दख्खनच्या साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टमध्ये झालेलं, पृथ्वीवरच्या विवरांत दुर्मीळ उदाहरण. चंद्राशी तुलना करायला शास्त्रज्ञ तिथे येतात ते म्हणूनच. पण लोणार उल्केमुळेच झालं हे दगडाच्या पुराव्यासकट १९७३ मध्ये छापून आलं, तेव्हा अपोलोच्या चांद्रयात्रा संपल्या होत्या. इथला पुरावा आधी मिळाला तो पांढऱ्या दगडामुळेच. वाळूच्या दगडात क्वार्ट्‌झ असतं, आणि प्रचंड दाबाखाली त्याचं कोएसाइट नावाचं खनिज होतं. ते १९६० मध्ये इथे सापडलं. बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळपास नसतंच, म्हणून लोणारला वेगळी खूण शोधावी लागली: दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाची धक्क्याने झालेली काच. लोणारच्या वयावर तर अजूनही एकमत नाही. कोणी पन्नास हजार वर्षं म्हणतं, तर नवं मोजमाप पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास जातं.

“म्हंजे आपल्या दगडानं लवकर कबूल केलं नाई,” आबा म्हणाले आणि खूश झाले.

जाता जाता एक. जर्मनीतलं नॉर्डलिंगेन गाव आख्खं अशाच एका विवरात वसलं आहे. तिथल्या चर्चच्या दगडातही कोएसाइट सापडलं. अपोलो १४ च्या मंडळींना ऑगस्ट १९७० मध्ये तिथेही नेलं होतं.

तिसरा दिवस, शनिवार

आजचा दिवस काळा. फ्लॅगस्टाफच्या ईशान्येला सनसेट क्रेटर नावाची तीनशे मीटर उंच टेकडी आहे. साधारण इ.स. १०८५ मध्ये जमीन फाटून इथून खडे आणि राख उडाली, त्याचा हा ढीग. टेकडीवर चढायला १९७३ पासून बंदी आहे, कारण लोकांच्या पायांनी खोल घळी पडल्या होत्या. पायथ्याशी लाव्हाचं थिजलेलं शेत आहे, त्यातून पायवाट जाते. २०२२ च्या वणव्यात जळालेली झाडं आजूबाजूला काळी उभी होती. खाली काळं, वर काळं, मधे निळं आभाळ.

आबांनी एक खडा उचलला, हातात तोलला, नखाने खरवडला. “वीटभट्टीचं खंगर.” जास्त भाजून वितळलेली, फसफसलेली वीट म्हणजे खंगर. वजन, रंग, भोकं, सगळं तसंच. मी आजूबाजूला पाहत म्हटलं, “आबा, खाली ठेवा, इथला दगड न्यायला बंदी आहे.” त्यांनी ठेवला, पण जिथून उचलला होता नेमका तिथेच आणि त्याच कुशीवर.

माहितीफलकाजवळ एक गोष्ट कळली ती त्यांना ज्वालामुखीपेक्षा जास्त आवडली. त्या काळी इथे मका पेरणारे लोक राहत होते. जवळपास सापडलेल्या लाव्हाच्या तुकड्यांत मक्याच्या कणसांचे ठसे आहेत, दाण्यांच्या रांगा मोजता याव्यात इतके स्पष्ट. जिथे खड्यांचा थर जाड पडला तिथली शेती गेली. पण जिथे पातळ पडला तिथे खालची ओल टिकायला लागली. “आपन नाई का फळझाडाच्या बुडाले पाचट टाकत,” आबा म्हणाले.

दुपारी सिंडर लेक. नावात तळं असलं तरी पाणी नाही, काळ्या खड्यांचं सपाट मैदान. जुलै १९६७ मध्ये भूवैज्ञानिकांनी इथे चंद्राचा एक तुकडा बनवला. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेला शांतिसागराचा फोटो समोर ठेवला, दीडशे मीटर लांब-रुंद चौकोन आखला, त्यात सत्तेचाळीस खड्ड्यांच्या जागा मारल्या आणि सुरुंग लावून ते उडवले. काही दीड मीटरचे, काही बारा-तेरा मीटरचे. पुढच्या वर्षी शेजारी दुसरं मोठं मैदान केलं, तिथे साडेतीनशेवर खड्डे. बार एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने उडवले, म्हणजे नव्या खड्ड्याचा मालमसाला जुन्यावर पडेल आणि कोणता आधीचा नि कोणता नंतरचा हे चंद्रासारखंच ओळखावं लागेल. खड्यांच्या थराखाली फिकट माती आहे, ती उडून काळ्यावर पसरली की चंद्रावरच्या विवरांभोवतीचे पांढरे पट्टेही आपोआप तयार.

आबांना हे पटायला वेळ लागला. “डायनामाइट, अमोनियम नायट्रेट, सगळं लावून नुसते गड्डे पाडले? पान्यासाठी नाई? मातीसाठी नाई?” नाही म्हटलं. “अन् मंग बुजवले बी नाई?” ते कितीतरी वेळ हसत होते. मग गंभीर होऊन सुरुंगांचा हिशेब विचारायला लागले, किती खोल भोक, किती तोटे. ते मला कुठून माहीत असणार.

साठ वर्षांच्या वाऱ्यापावसाने खड्डे बसले आहेत. पहिल्या मैदानात शनिवारचे लोक मोठाल्या चाकांच्या गाड्या उडवत फिरत होते, बऱ्याच खड्ड्यांवरून चाकं गेलेली. दुसऱ्या मैदानाला कुंपण आहे, तिथे शांत होतं. तिरप्या उन्हात उथळ वाट्या दिसतात, माहीत नसेल तर लक्षही जाणार नाही.

इथे आम्ही खेळ खेळलो. त्याच्या मागची हकीकत अशी. वैमानिकांना सुरुवातीला दगडांचं शिक्षण म्हणजे शिक्षाच वाटायची. वर्गात खनिजांची नावं, पेट्यांत नमुने. सप्टेंबर १९६९ मध्ये कॅलटेकचे प्राध्यापक ली सिल्व्हर यांनी अपोलो १३ च्या जिम लव्हेल आणि फ्रेड हेज यांच्या चमूला कॅलिफोर्नियातल्या ओरोकोपिया डोंगरांत नेलं, नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर. त्यांची पद्धत वेगळी होती. नावं मागाहून. आधी उभं राहा, लांबून सगळं पाहा, आणि जे दिसतं ते बोलून सांगा. ऐकणाऱ्याला ते दिसत नाही हे धरून सांगा. त्याचा गुण आला आणि पुढच्या सगळ्यांना तीच वाट मिळाली. अपोलो १५ ची मंडळी तर जवळपास दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या डोंगरात असायची. चंद्रावरच्या माणसाने बोलायचं आणि हूस्टनमधल्या खोलीत बसलेल्या भूवैज्ञानिकांनी त्यावरून नकाशा भरायचा, असाच तो धंदा होता.

ओमच्या खेळण्यातले दोन वॉकी-टॉकी आणले होते. मी गाडीत पाठ करून बसले, मांडीवर वही. पहिली पाळी ओमची.

“आई, इथे खूप खड्डे आहेत. काळे आहेत. ओव्हर.”

कागदावर काय काढू? मग मी गेले आणि ओम गाडीत बसला. मी दिवसभर कामावर लोकांना मुद्देसूद लिहा म्हणून सांगत असते. मी म्हटलं, “समोर एक मोठा खड्डा, त्याच्या बाजूला एक छोटा.” मागून आबांचा आवाज: “केवढा मोठा? कोन्या बाजूले?” मला उत्तर देता आलं नाही.

मग आबा. काठी त्यांनी आधी जमिनीत सरळ रोवली. चांद्रवीर फोटो काढण्याआधी दगडाजवळ एक तिपाई ठेवत, तिच्यावरून उभी रेषा आणि आकार कळायचा. आबांना हे मी सांगितलेलं नव्हतं. त्यांना माप घ्यायला काठी लागते, इतकंच.

“उत्तरेकडे तोंड करून उभा हाय. सूर्य डाव्या हाताले. वीस पावलावर एक गड्डा, सहा-सात पावलं रुंद. माझ्या गुडघ्याएवढा खोल. काठ बसला, धार गेली. म्हंजे जुना. त्याच्या उजव्या अंगाले दुसरा, दोन पावलं रुंद. त्याचा काठ मोठ्याच्या काठावर चढला. म्हंजे लहाना मांगून झाला. खडे बोराएवढे ते सुपारीएवढे, सगळे खंगर. लहान्याच्या काठाले पिवळी माती वर आली. मोठ्याच्या काठाले नाई, तिथची धुऊन गेली असंन. नारळाएवढा एकच गोटा, मोठ्याच्या बुडात, अर्धा गाडलेला. भोकं नाईत. हा इथला नाई वाटत.”

मी भराभर काढत गेले. शेवटी वही घेऊन बाहेर आले आणि मैदानासमोर धरली. ओमने वहीकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाला, “आबा, तुम्हाला पाठवायला पाहिजे होतं.”

“मले कोन पाठवते,” आबा म्हणाले. “मी त पाचवी पास.”

परत येताना सगळ्यांच्या बुटांतून खडे पडत होते. आर्मस्ट्राँगने निघायच्या घाईत दगडांच्या पेटीत मोकळी जागा दिसली म्हणून फावड्याने आठ-नऊ वेळा माती भरली होती, आणि त्या मातीवर पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी काम केलं. आम्ही मात्र बूट तिथेच झटकले.

चौथा दिवस, रविवार

ग्रँड कॅन्यन. लोक यावर पानंच्या पानं लिहितात, मी लिहिणार नाही. मार्च १९६४ मध्ये अंतराळवीरांना दोन तुकड्यांत इथे आणलं होतं. पहिल्या दिवशी साउथ कायबाब वाटेने तळापर्यंत, दुसऱ्या दिवशी ब्राइट एंजल वाटेने वर, काही जण खेचरांवर. चंद्रावर असले गाळाचे थर नाहीत, हे शिकवणाऱ्यांनाही माहीत होतं. पण खालचा आधीचा, वरचा नंतरचा, हा धडा याहून मोठ्या फळ्यावर लिहिलेला नाही. माथ्याच्या चुनखडीचं वय सत्तावीस कोटी वर्षं, तळातल्या काळपट दगडाचं पावणेदोनशे कोटी.

आबांचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही साउथ कायबाबवर थोडंच उतरलो, ऊ-आ पॉइंट नावाच्या वळणापर्यंत. आबा कठड्याशी बसले आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागले. विचारलं तर म्हणाले, किती परस असंल ते पाहून राह्यलो. परस म्हणजे पुरुषभर, विहिरीचं माप. आठ परसांची विहीर म्हणजे आमच्याकडे खोल. माथ्यापासून नदीपर्यंत दीड किलोमीटरच्या आसपास म्हटल्यावर त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि धपाट्याचा डबा उघडला. चढताना त्यांना धाप लागली, दर वळणावर थांबलो. वर यायला उतरण्याच्या दुप्पटीहून जास्त वेळ गेला.

परतीला ओम पेंगत होता. फ्लॅगस्टाफ मागे पडलं, पाइन संपले, गाडी वाळवंटात उतरू लागली. ब्लॅक कॅन्यन सिटीच्या अलीकडे रस्ता काळ्या दगडाचे कडे कापून जातो. आबा काचेला नाक लावून होते.

“बाई, गाडी थांबव. पट्टा ढिला झाला वाटते.”

मी आरशात पाहिलं. पट्टा छातीवर घट्ट होता. हायवेवर थांबता येत नाही म्हणून पुढच्या फाट्याला बाहेर पडले आणि एका कच्च्या रस्त्याच्या कडेला गाडी लावली. आबा काठी घेऊन कड्यापर्यंत गेले, दगडावर तळहात ठेवून उभे राहिले, मग वाकून बुडाशी काहीतरी पाहायला लागले. ओम जागा झाला, त्याने मागच्या सीटवरचा वॉकी-टॉकी शोधला.

“आबा, काय दिसतंय? ओव्हर.”

“मांजऱ्या.”

“केवढा? कोणत्या बाजूला?”

बराच वेळ नुसती खरखर आली. मग आबांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी वही शोधू लागले.